आंब्र्वाज पारे

आंब्र्वाज पारे (जन्म : लाव्हालजवळ, इ.स. १५१० च्या सुमारास, मृत्यू : पॅरिस, २० डिसेंबर १५९०) हे फ्रेंच शल्यचिकित्सक होते. दुसरा हेन्री, दुसरा फ्रान्सिस, नववा चार्ल्स आणि तिसरा हेन्री अशा चार राजांच्या पदरी त्यांनी सेवा केली.

न्हावी-शल्यकार म्हणून उमेदवारी केल्यावर पॅरिसच्या ओतेल-दिय रुग्णालयात त्यांनी अनुभव घेतला व पुढे ते सैन्याबरोबर गेले. बंदुकीच्या जखमा विषारी मानून त्यांत उकळते तेल ओतण्याची तेव्हा प्रथा होती. १५३७ च्या सुमारास तुरीनच्या मोहिमेत तेल संपले, म्हणून पारे यांनी अंड्याचा बलक, गुलाबतेल व टर्पेंटाइन यांचा लेप लावला. सकाळी लेप लावलेले सैनिक स्वस्थ होते; तेल ओतलेले मात्र ज्वराने व सुजेने तळमळत होते. हा अनुभव त्यांनी १५४५ च्या ग्रंथात मांडला. अवयव कापल्यावर डागणी देण्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधण्याचा त्यांनी पुरस्कार केला.

त्यांची १५७९ मधील एक नोंद तुलनेने कमी परिचित असली, तरी तितकीच मोलाची आहे. तोफखान्याच्या एका कप्तानाला गोळी लागली. जखम भरली व तो बरा झाला असे वाटले; परंतु आठ महिन्यांनी तो दगावला. शवविच्छेदनात छाती व पोट यांमधील श्वासपटलाला छिद्र आढळले. त्यातून करंगळीचे टोकच जेमतेम शिरले असते. तरीही मोठे आतडे त्यातून छातीत शिरून आवळले गेले व सडले होते. श्वासागणिक हलणाऱ्या या पडद्याची फाट सहसा आपोआप सांधत नाही. छातीतील कमी दाबामुळे पोटातील अवयव हळूहळू वर ओढले जातात. उजवीकडे यकृताचा आडोसा असल्याने हा प्रकार डावीकडे अधिक दिसतो. रुग्णाला महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे, काहीच जाणवत नाही. फाट लहान म्हणून धोका कमी, हा समज येथे फसवा ठरतो. अरुंद छिद्रातच आतड्याचा रक्तपुरवठा लवकर तुटतो.

पारे यांना लॅटिन येत नसे. त्यांचे समग्र ग्रंथ १५७५ मध्ये फ्रेंचमध्ये निघाले, तेव्हा पॅरिसच्या वैद्यकीय विद्वानांनी त्यांस विरोध केला. पण सैन्यातील सामान्य शल्यकारांना वाचता येईल अशी भाषा तीच होती.

अशा इजेचे रुग्ण जिवंत असताना निदान अमेरिकेत बोडिच यांनी १८५३ मध्ये केले. श्वासपटल शिवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया रिओल्फी यांनी १८८६ मध्ये केली. आजही लहान फाट सीटी स्कॅनमध्ये निसटू शकते. म्हणून छातीच्या खालच्या डाव्या भागात भोसकल्याची जखम असल्यास, रुग्ण ठीक दिसत असतानाही, दुर्बिणीने आत पाहण्याचा निर्णय शल्यचिकित्सक अनेकदा घेतात.