सोण थेरांचे पाय



वर्षावासात विहारात आनापानसतीचा वर्ग भरतो, तेव्हा आम्ही दरवर्षी एकच चित्र बघतो. गुडघे धरलेली एखादी आजी मांडी घालता येत नाही म्हणून दाराशीच थांबते, खुर्ची दिली तर लाजते. आणि एखादा तरुण पहिल्याच दिवशी दोन तास हलायचं नाही असं ठरवतो आणि तिसऱ्या दिवसापासून येतच नाही. या दोघांची आठवण ठेवून आम्ही सोण कोळिविस थेरांचे चरित्र इथे देत आहोत. ते विनयपिटकातील महावग्गात, चम्मक्खंधकात आले आहे. (त्याच खंधकात अवंतीचे सोण कुटिकण्णही भेटतात. ते वेगळे, घोटाळा नको.)

सोण हे चंपानगरीच्या श्रेष्ठीचे पुत्र. अंग देशाची ही नगरी आजच्या बिहारमध्ये भागलपूरजवळ होती. घरी ऐंशी गाड्या भरतील एवढे धन, दाराशी हत्ती. मुलगा इतका नाजूक वाढलेला की त्याच्या तळपायांवर केस उगवले होते, असे महावग्ग सांगतो. ते खरोखर होते की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्या पायांना जमीन ठाऊक नव्हती, एवढे आपण घ्यावे. मगधराजा बिंबिसाराला मात्र ते पाय बघायची उत्सुकता लागली आणि त्याने सोणांना राजगृहाला बोलावले. राजापुढे पाय पसरणे बरे दिसणार नाही, म्हणून मांडी घालून बस, तळवे आपोआप दिसतील, अशी युक्ती आईवडिलांनी शिकवून पाठवली.

तिथून मंडळी गृध्रकूट पर्वतावर भगवंतांकडे गेली. धम्म ऐकला आणि सोणांचे मन घरावरून उठले. त्यांनी प्रव्रज्या घेतली, उपसंपदा घेतली, आणि राजगृहाजवळच्या सीतवनात राहून साधनेला लागले.

साधना कसली, स्वतःवर सूडच म्हणा! चंक्रमण करता करता ते कोवळे पाय फुटले, तरी चालणे थांबेना. चंक्रमणाची वाट गुरे कापण्याच्या जागेसारखी रक्ताने भरली. एवढे करून मन मुक्त होईना. तेव्हा सोणांच्या मनात आले की, संघातल्या उद्योगी भिक्खूंमध्ये माझी गणना होते, तरी हाती काही लागत नाही. त्यापेक्षा घरी जावे, संपत्ती आहे, दानपुण्य करत राहावे. आम्हाला वाटते, अती ताणणारा माणूस शेवटी असाच सगळेच सोडायला निघतो.

भगवंत तिथे आले. त्यांनी ती रक्ताळलेली वाट पाहिली, कोणाची म्हणून विचारले. उरुवेलेला उपासतापास करून त्यांचे स्वतःचे शरीर हाडांचा सापळा झाले होते, त्यामुळे ही वाट त्यांना नवी नव्हती. पण ते रागावले नाहीत. सोण घरी असताना वीणा चांगली वाजवायचे, त्याचीच त्यांनी चौकशी केली. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजत होती का? फार सैल सोडल्या तर? दोन्ही वेळा सोणांना नाही म्हणावे लागले. वीर्याचेही तसेच आहे, हे भगवंतांनी समजावले. अती झाले की चित्त अस्वस्थ होते, कमी पडले की आळस येतो, तेव्हा समता राखावी. दुसऱ्याच्या वीणेवरून आपली तार लावा, असे त्यात कुठेच नाही.

सोणांनी साधना सोडली नाही, ताण तेवढा सोडला. काही काळाने ते अर्हत झाले.

पुढची हकिकत आम्हाला फार आवडते. पाय नाजूक म्हणून भगवंतांनी सोणांना एका तळाच्या वहाणा वापरायला परवानगी दिली. सोण घेईनात! ऐंशी गाड्या सोने आणि हत्ती सोडून आलेला माणूस वहाणेत अडकला, असे लोक म्हणतील. सगळ्या संघाला परवानगी असेल तर मीही वापरीन, नाहीतर नाही. भगवंतांनी मग संघातल्या सगळ्याच भिक्खूंना एका तळाच्या वहाणांची मुभा दिली. त्याच खंधकात पुढे, ज्याचे पाय दुखतात किंवा भेगाळले आहेत त्याच्यासाठी वहाणांची वेगळी सवलतही आली आहे.

पुढे श्रेष्ठ शिष्यांची नावे घेताना भगवंतांनी वीर्यारंभ करणाऱ्यांत अग्र म्हणून नाव घेतले ते या सोण कोळिविसांचेच.