म्युझियमवर नाव असलेले भाऊ दाजी लाड कुष्ठरोगावरचं औषध शोधत होते

चामटोलीहून बदलापूर स्टेशन गाठायचं, लोकल पकडायची आणि भायखळ्याला उतरायचं. राणीच्या बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियम आहे. १९७५ साली त्याला हे नाव मिळालं. (भाऊचा धक्का यांचा नाही, ते भाऊ वेगळे.)

भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्रे गावचे. लहानपणी बुद्धिबळात इतके तरबेज, की एका इंग्रजाने ते पाहून पोराला इंग्रजी शिकवा म्हणून वडिलांच्या मागे लकडा लावला. पुढे एल्फिन्स्टन, मग ग्रँट मेडिकल कॉलेज. १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्याच बॅचचे ते डॉक्टर. दोनदा मुंबईचे शेरीफ झाले, जुने शिलालेख वाचले, गरिबांना फुकट औषधं दिली.

पण त्यांनी हात घातलेला सगळ्यात अवघड विषय होता कुष्ठरोग.

कुष्ठरोग म्हटलं की आपल्याला चट्टे आणि झडलेली बोटं आठवतात. पण याचे जंतू नाकातही ठाण मांडतात. त्यांना शरीराचा थंड भाग मानवतो आणि श्वासाच्या हवेमुळे नाक थंड राहतं. आजाराच्या तीव्र प्रकारात आधी नाक चोंदतं, खपल्या धरतात, रक्त येतं. साधी सर्दी समजून माणूस गप्प बसतो. पुढे मधल्या पडद्याला भोक पडतं आणि नाकाचा दांडा बसतो. नाकातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला की फेसाळ दिसणाऱ्या मोठ्या पेशी दिसतात. जंतू गिळायला आलेल्या या पेशी स्वतःच जंतूंनी गच्च भरलेल्या असतात.

भाऊ दाजींच्या काळात यातलं फारसं कुणाला माहीत नव्हतं. १८६७ साली तर लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने हा रोग संसर्गजन्य नाही, असाच अहवाल दिला होता.

भाऊंनी जुने संस्कृत वैद्यकग्रंथ चाळले, वनस्पती तपासल्या आणि रुग्णांवर उपचार सुरू केले. कडू कवठीच्या बियांचं तेल हे त्यांचं मुख्य औषध मानलं जातं. गुण येतोय अशी चर्चा झाली, लांबून रुग्ण येऊ लागले. पण औषधात नेमकं काय आहे, हे भाऊ सांगेनात. त्यावरून टीका झाली आणि ती रास्तच होती. कृतीच माहीत नसेल तर बाकीचे डॉक्टर ते पडताळणार कसं?

तिकडे १८७३ साली नॉर्वेत हॅन्सन या डॉक्टरला रुग्णांच्या गाठींमध्ये कुष्ठरोगाचे जंतू दिसले. इकडे भाऊ अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. ३१ मे १८७४ रोजी ते गेले.

याच जातीच्या झाडांचं तेल पुढे जगभरातल्या डॉक्टरांनी कुष्ठरोगावर वापरलं. १९४० च्या दशकात सल्फोन औषधं आली, तेव्हा कुठे ते मागे पडलं.