ओळख थोरांची : कमलाबाई गोखले



आपल्या झाडीपट्टीत मंडईच्या दंडारीत पुरुष बाईचं सोंग घेतो, त्याचं कोणाला नवल वाटत नाही. पण बाईने पुरुष व्हायचं म्हटलं की लगेच कुजबुज सुरू होते. आज ज्यांची ओळख करून देतोय त्या कमलाबाईंनी ते शंभर वर्षांपूर्वी केलं होतं.

कमलाबाईंचा जन्म 1900 चा. आई दुर्गाबाई कामत. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या दुर्गाबाईंनी पोरीला एकटीने वाढवलं आणि पोटासाठी नाटक कंपनीत काम धरलं. त्या काळी चांगल्या घरच्या बायकांनी तोंडाला रंग लावणं म्हणजे बदनामीच. कंपनीच्या बिऱ्हाडासोबत फिरत कमलाबाई अगदी लहानपणीच रंगमंचावर उभ्या राहिल्या.

1913 मध्ये दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ मध्ये तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषाने केलं, कारण बाई मिळेना. त्यानंतर आलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये मात्र दोघी मायलेकी दिसल्या. दुर्गाबाई पार्वती आणि कमलाबाई मोहिनी. भारतीय सिनेमातील या पहिल्या अभिनेत्री!

पुढे कमलाबाईंचं लग्न रघुनाथराव गोखले यांच्याशी झालं. गंमत बघा, रघुनाथराव आधी किर्लोस्कर कंपनीत स्त्री-भूमिका करायचे. पण संसार फार टिकला नाही. कमलाबाई पंचविशीत असतानाच ते गेले. पदरात मुलं. रडत बसायला वेळ नव्हता. त्या बायकांच्याच नाटक मंडळीत शिरल्या आणि तिथे पुरुषांच्या भूमिका करू लागल्या. नवरा रंगमंचावर बाई व्हायचा, बायको पुरुष झाली. हौस म्हणून नाही, तर लेकरांच्या भाकरीसाठी.

तिन्ही मुलं कलावंत निघाली. चंद्रकांत गोखले नामवंत नट, लालजी आणि सूर्यकांत तबलावादक. विक्रम गोखले हे चंद्रकांत यांचे चिरंजीव. कमलाबाई म्हातारपणीही सिनेमात दिसत राहिल्या. रीना मोहन यांनी त्यांच्यावर ‘कमलाबाई’ हा माहितीपट केलाय.

आमच्या स्नेहसंमेलनात एका मुलीने शिवाजी महाराजांची भूमिका मागितली, तेव्हा मीच क्षणभर अडखळलो होतो. आवाज पोरीचा, शोभेल का, असं वाटलं. नंतर कमलाबाई आठवल्या आणि भूमिका तिलाच दिली. तलवार तिने अशी काही उपसली की मागच्या रांगेतले बापेही ताठ बसले.

तुमच्या वर्गात भूमिका वाटताना आधी आवड विचारा, मुलगा की मुलगी ते नंतर बघू.