कान्होबा रणछोडदास कीर्तिकर

कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (१८४९ – १९१७) हे मराठी शल्यचिकित्सक, वनस्पतिशास्त्रज्ञ व कवी होते. मुंबई इलाख्यातील विषारी वनस्पतींवरील लेखमाला आणि बामनदास बसू यांच्या सहकार्याने लिहिलेला 'इंडियन मेडिसिनल प्लँट्स' हा ग्रंथ ही त्यांची प्रमुख शास्त्रीय कामगिरी होय. १९०९ साली बडोदे येथे भरलेल्या सातव्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

कारकीर्द

वैद्यकीय शिक्षणानंतर कीर्तिकरांनी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये प्रवेश केला व लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यापर्यंत ते पोहोचले. काही काळ ते ठाण्याचे सिव्हिल सर्जन होते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यात त्यांचा सक्रिय सहभाग होता. सोसायटीच्या नियतकालिकात १८८६ साली त्यांनी गरम पाण्याच्या झऱ्यात वाढणाऱ्या एका शेवाळाचे वर्णन प्रसिद्ध केले. लंडनच्या लिनिअन सोसायटीचे ते फेलो होते.

विषारी वनस्पतींचा अभ्यास

१८९२ पासून त्याच नियतकालिकात 'पॉयझनस प्लँट्स ऑफ बॉम्बे' ही त्यांची सचित्र लेखमाला क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. या विषयाला व्यावहारिक महत्त्व होते. कोकणात, ठाण्यापासून दक्षिणेकडे फोंडाघाटच्या परिसरापर्यंत, विषारी वनस्पती माणसाच्या नित्य सहवासात वाढतात. काजऱ्याच्या बियांतील स्ट्रिक्नीनमुळे तीव्र आचके येतात. धोत्र्यातील अॅट्रोपीन व तत्सम द्रव्यांमुळे भ्रम होतो. कळलावीच्या कंदातील कोल्चिसीन पेशींचे विभाजन थांबवते. या तिन्ही वनस्पतींचा औषध म्हणूनही उपयोग केला जातो. औषध आणि विष यांतील अंतर मात्रेवर, तसेच सेवनापूर्वी केलेल्या शुद्धीकरणावर अवलंबून असते.

मात्रेचा विचार करण्याआधी वनस्पतीची ओळख निश्चित व्हावी लागते. एकाच वनस्पतीला निरनिराळ्या प्रदेशांत वेगवेगळी नावे असतात, तर एकाच नावाखाली अनेक वनस्पती विकल्या जातात. त्यामुळे विषबाधेचे कारण ठरवताना, तसेच औषध देताना, चूक झाल्यास ती रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. कीर्तिकरांनी शास्त्रीय नाव, अवयवांचे वर्णन व चित्र यांच्या आधारे ही ओळख पक्की करण्यावर भर दिला.

औषधी वनस्पतींवरील ग्रंथ

बामनदास बसू हेही इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील अधिकारी होते. या दोघांचा 'इंडियन मेडिसिनल प्लँट्स' हा ग्रंथ १९१८ साली अलाहाबादच्या पाणिनी ऑफिसने प्रकाशित केला. त्यात एक हजाराहून अधिक चित्रपत्रे होती. ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच, १९१७ मध्ये, कीर्तिकरांचे निधन झाले.

साहित्य

कीर्तिकरांनी इंग्रज कवी टेनिसन यांच्या 'द प्रिन्सेस' या काव्याच्या आधारे 'इंदिरा' (१८८४) हे मराठी काव्य रचले. मूळ काव्याचा विषय स्त्रियांचे उच्च शिक्षण हा आहे.

मूल्यमापन

वनस्पतीतील द्रव्य शरीरात कसे शोषले जाते, यकृतात त्याचे रूपांतर कसे होते व ते शरीराबाहेर कसे टाकले जाते, याचा प्रयोगशाळेतील अभ्यास कीर्तिकरांच्या कार्यात आढळत नाही. त्यांच्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत वनस्पतींचे पारंपरिक उपयोग मोठ्या प्रमाणावर नोंदवलेले असले, तरी त्यांपैकी अनेकांची प्रायोगिक पडताळणी तेव्हा झालेली नव्हती. ही उणीव पुढील पिढीने काही अंशी भरून काढली. १९३३ ते १९३५ या काळात निघालेली दुसरी आवृत्ती एथेलबर्ट ब्लॅटर, ज्याँ फर्डिनांड कायस व कृष्णाजी श्रीपाद म्हसकर यांनी संपादित केली. म्हसकर व कायस यांनी सर्पदंशावर उपयुक्त मानल्या जाणाऱ्या तीनशेहून अधिक वनस्पतींची प्रायोगिक चाचणी घेतली होती. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या सर्पविषावर उतारा ठरल्या नाहीत. सुधारित आवृत्तीत संबंधित वनस्पतींच्या नोंदींत हे निष्कर्षही समाविष्ट करण्यात आले. ज्या वनस्पतींची ओळख कीर्तिकरांच्या पिढीने निश्चित केली होती, त्यांच्या गुणधर्मांची पारख अशा प्रकारे त्याच ग्रंथात पुढे चालू राहिली. भारतीय औषधी वनस्पतींच्या अभ्यासात हा ग्रंथ आजही संदर्भासाठी वापरला जातो.