अनवाणी आलेला ख्रिस्ती



आज आम्ही स्पेनमधल्या एका माणसाची ओळख करून देत आहोत. आल्वार नुन्येझ काबेसा दे वाका हे त्याचे नाव. या आडनावाचा अर्थ 'गायीचे डोके'. मुलांना गंमत वाटेल, पण त्या देशात हे घराणे मानाचे होते. तो काही संत नव्हे. तरीही त्याने स्वतः लिहून ठेवलेली हकिकत ख्रिस्ती माणसाने एकदा तरी ऐकावी अशी आहे.

जून १५२७ मध्ये पानफिलो दे नार्वाएझ नावाचा सरदार पाच जहाजे आणि सुमारे सहाशे माणसे घेऊन फ्लोरिडा जिंकायला निघाला. काबेसा दे वाका त्या मोहिमेचा खजिनदार होता. एप्रिल १५२८ मध्ये ते फ्लोरिडाला पोहोचले. सरदाराने तीनशे माणसे जमिनीवरून आत नेली आणि जहाजे किनाऱ्याने पुढे पाठवली. त्या जहाजांची गाठ पुन्हा पडलीच नाही. सोन्याऐवजी ताप, भूक आणि बाण वाट्याला आले. शेवटी त्यांनी घोडे मारून खाल्ले, रिकिबींचे लोखंड वितळवून खिळे केले, घोड्यांच्या शेपटीच्या केसांचे दोर वळले, अंगातल्या सदऱ्यांची शिडे शिवली आणि पाच होड्या समुद्रात लोटल्या. पाण्यासाठी घोड्यांच्या पायांच्या कातड्याच्या पिशव्या केल्या होत्या, त्याही लवकरच कुजल्या.

नोव्हेंबरमध्ये त्याची होडी आजच्या टेक्सासजवळच्या एका बेटावर फेकली गेली. ती पुन्हा लोटायला गेले तर उलटली. काही बुडाले, उरलेले उघडेनागडे थंडीत कुडकुडत राहिले. त्यांची ही दशा पाहून बेटावरचे आदिवासी त्यांच्याशेजारी खाली बसले आणि अर्धा तास मोठ्याने रडले. मेक्सिकोत राहून आलेल्या काही स्पॅनिशांना भीती वाटली की हे आपला बळी देणार. झाले उलटेच. वाटेत कोणी गारठून मरू नये म्हणून आदिवासींनी ठिकठिकाणी शेकोट्या पेटवल्या आणि त्यांना उचलून आपल्या झोपड्यांत नेले.

त्या हिवाळ्यात बेटावरच्या ऐंशी स्पॅनिशांपैकी पंधराच जगले. किनाऱ्यावर वेगळे राहिलेले पाच ख्रिस्ती तर उपासमारीने एकमेकांना खाऊ लागले. हे कळल्यावर आदिवासींना जबर धक्का बसला. आम्ही मुद्दाम हे लिहीत आहोत, कारण त्या काळी युरोपात नरभक्षक म्हटले की आदिवासीच डोळ्यांसमोर येत. पुढे पोटाच्या आजाराने बेटावरचे निम्मे आदिवासी मेले. परक्यांनीच ही पीडा आणली, त्यांना मारा, असे काहीजण म्हणू लागले. तेव्हा त्यांच्यातल्याच एकाने समजावले की यांच्या हाती एवढी शक्ती असती, तर यांनी आपली माणसे मरू दिली असती का? त्या एका शहाण्या माणसामुळे ते वाचले.

आदिवासींनी त्यांना आजाऱ्यांना बरे करायला सांगितले. त्यांनी हसून नकार दिला, तेव्हा त्यांचे अन्न बंद झाले. मग त्यांनी आजाऱ्यावर क्रुसाची खूण केली, फुंकर घातली, प्रभूची प्रार्थना आणि नमो मरिया म्हटली.  बरे वाटल्याचे आजारी सांगू लागले. कास्तियो नावाचा एक सोबती मात्र अवघड आजाऱ्याजवळ जायला कचरायचा. आपल्या पापांमुळे गुण येणार नाही, असे त्याला वाटायचे. आमच्या मते या साऱ्या हकिकतीत सर्वांत प्रामाणिक भीती त्याची आहे.

काबेसा दे वाका आधी गुलामासारखा राबला. पुढे फेरीवाला होऊन समुद्राचे शिंपले आत न्यायचा आणि कातडी, गेरू, गारगोट्या किनाऱ्याला आणायचा. एक आजारी सोबती बेटावर मागे राहिला होता. त्याला सोडून जायचे नाही म्हणून तो वर्षामागून वर्षे तिथेच थांबला. अखेर तो सोबती निघाला खरा, पण घाबरून वाटेतूनच परत फिरला! पुढे कास्तियो, दोरांतेस आणि मोरोक्कोचा एस्तेबानिको हा गुलाम असे तिघे भेटले आणि १५३४ मध्ये चौघे पळाले. काट्यांतून लाकडे ओढताना अंग रक्तबंबाळ व्हायचे, तेव्हा प्रभू येशूचे दुःखसहन आठवणे एवढाच त्याला आधार होता.

चौघे पश्चिमेकडे चालत राहिले. गावोगाव आजारी पुढे येत आणि शेकडो माणसे त्यांच्याबरोबर चालत. मग १५३६ मध्ये एका आदिवासीच्या गळ्यात तलवारीच्या पट्ट्याचे बक्कल आणि घोड्याच्या नालाचा खिळा दिसला. आपली माणसे जवळ आली होती! पण वाटेतली गावे ओस पडलेली, लोक डोंगरात लपलेले. कारण ती माणसे गुलाम पकडत फिरत होती. त्यांचा कप्तान आल्काराझ याला काबेसा दे वाकाबरोबर आलेल्या आदिवासींनाही पकडायचे होते. हे चौघे आमच्याच जातीचे आहेत, असे त्याने त्यांना दुभाष्याकडून सांगितले. आदिवासींचा विश्वास बसेना. हे सूर्य उगवतो तिकडून आले, तुम्ही मावळतो तिकडून. हे आजाऱ्यांना बरे करतात, तुम्ही धडधाकटांना मारता. हे उघडे, अनवाणी आले; तुम्ही घोड्यांवर, भाले घेऊन. यांना मिळालेले हे वाटून टाकतात, तुम्ही दिसेल ते लुटता. मग तुम्ही एक कसे?

आम्ही सेमिनरीत अ‍ॅरिस्टॉटल शिकलो. काही माणसे जन्मतःच गुलाम असतात, या त्याच्या मताच्या आधारे स्पेनमधले पंडित पुढेही वाद घालत राहिले. पोप तिसरे पॉल यांनी मात्र जून १५३७ मध्येच जाहीर केले की आदिवासी ही खरी माणसे आहेत, त्यांना गुलाम करू नये. त्यानंतर दोन महिन्यांनी काबेसा दे वाका लिस्बनला उतरला. त्याची हकिकत १५४२ मध्ये छापली गेली.

तेव्हा तो दक्षिण अमेरिकेत, आजच्या पॅराग्वेमध्ये, राज्यपाल होता. तिथल्या आदिवासींवरचे जुलूम थांबवायला त्याने हुकूम काढले. १५४४ मध्ये तिथल्या स्पॅनिशांनी बंड करून त्याला कैद केले आणि पुढच्या वर्षी स्पेनला रवाना केले. १५५१ मध्ये दरबाराने त्याला दोषी ठरवले. शिक्षा पुढे सौम्य झाली. आणि एस्तेबानिको? त्याच वाळवंटातून सोबत चालूनही त्याला स्वातंत्र्य मिळाले नाही. वाटाड्या म्हणून त्याला पुन्हा उत्तरेला पाठवले आणि १५३९ मध्ये झुनी लोकांच्या गावी तो मारला गेला.