पुस्तकबांधणीतून बेन्झिनकडे : मायकेल फॅरडे

विद्युत्शास्त्रातील संशोधनामुळे विश्वविख्यात झालेले मायकेल फॅरडे हे बेन्झिनचेही शोधक होत. १७९१ साली लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण जेमतेमच. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीस लागले. मालकाने वाचनाची मुभा दिली होती. बांधणीस आलेल्या जेन मार्सेट यांच्या ग्रंथाने त्यांना रसायनशास्त्राची गोडी लावली. १८१२ मध्ये त्यांनी हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, आपली टिपणे स्वहस्ते बांधून त्यांना पाठविली आणि १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये साहाय्यकाचे पद मिळविले.

त्या काळी तेलापासून केलेला दिव्याचा वायू नळकांड्यांत दाबून भरताना तेलकट द्रव साचत असे. १८२५ मध्ये फॅरडे यांनी त्याचे वारंवार ऊर्ध्वपातन करून व बर्फाच्या थंडाव्यात गोठवून एक शुद्ध पदार्थ वेगळा काढला. तो केवळ कार्बन व हायड्रोजन यांचा बनला असल्याचे त्यांनी दाखविले. हेच बेन्झिन. त्याची षट्कोनी रचना केकुले यांनी १८६५ मध्ये मांडली; पुढे रंग व औषधे यांचे मोठे उद्योग या द्रव्यावर उभे राहिले.

१८६७ मध्ये फॅरडे निवर्तले. उमेदवार मुलाला वाचू देणाऱ्या त्या दुकानाचे ऋण विज्ञानावर कायमचे राहिले.