मार्क बिर्किग्ट

वेग निर्माण करणाऱ्यांचीं नांवें लोकांच्या तोंडीं असतात. त्या वेगास आवर घालणाऱ्याची आठवण क्वचितच कोणास होते. ज्यांनीं हीं दोन्ही कार्यें साधलीं, त्या मार्क बिर्किग्ट ह्यांचा अल्प परिचय आम्ही विद्यार्थिमित्रांस करून देत आहों.

बिर्किग्ट ह्यांचा जन्म १८७८ सालीं स्वित्झर्लंडांतील जिनीव्हा येथें झाला. यंत्रविद्येचें शिक्षण घेऊन ते स्पेनमधील बार्सिलोना शहरीं गेले. तेथें १९०४ सालीं हिस्पानो-सुइझा ही मोटार कंपनी निघाली. भांडवल स्पेनचें व बुद्धि स्विस, म्हणून हें जोडनांव. पहिल्या महायुद्धांत त्यांनीं रचलेल्या आठ सिलिंडरांच्या एंजिनांवर फ्रान्सचीं लढाऊ विमानें उडालीं. तोच अनुभव मोटारींत उतरवून १९१९ च्या पॅरिस प्रदर्शनांत त्यांनीं आपली एच-६ गाडी मांडली. तिचें एंजिन सहा सिलिंडरांचें व बलाढ्य होतें. पण तिचा खरा विशेष तिच्या ब्रेकांत होता.

त्या काळीं बहुतेक मोटारींस केवळ मागील चाकांनाच ब्रेक असत. गाडी थांबवूं लागतांच तिचा भार पुढें झुकतो, मागील चाकें हलकीं होतात व घसरतात. चारही चाकांस ब्रेक लावण्याचे प्रयत्न पूर्वीं झाले होते. परंतु जड व वेगवान गाडी आवरण्यास मनुष्याच्या पायाचें बळ अपुरें पडे. एंजिनांची शक्ति तर वर्षानुवर्षें वाढतच होती. अशा स्थितींत हांकणाऱ्याचे व रस्त्यानें चालणाऱ्याचे प्राण धोक्यांत होते.

बिर्किग्ट ह्यांनीं ही अडचण मोठ्या युक्तीनें सोडविली. गाडी चालत असतां गिअरपेटीपासून गति घेऊन फिरणारें एक लहान घर्षणयंत्र त्यांनीं बसविलें. हांकणाऱ्यानें पायानें पेडल दाबलें कीं हें यंत्र घर्षणानें पकडलें जाई, आणि त्याच्या फिरण्याच्या जोरानेंच चारही चाकांचे ब्रेक ओढले जात. पायानें केवळ आज्ञा द्यावी. श्रम गाडीच्या धांवेनेंच करावे. जी धांव संकटास कारण, तीच येथें रक्षणास लागली! गाडी थांबतांच ही मदतही आपोआप थांबे.

ह्या रचनेची योग्यता प्रतिस्पर्ध्यांनींही ओळखली. इंग्लंडांतील रोल्स-रॉइस कंपनीनें परवाना घेऊन १९२४ पासून आपल्या गाड्यांस ह्याच तत्त्वाचे ब्रेक बसविले. ज्या कारखान्याच्या कीर्तीचा डंका सर्वत्र वाजत होता, त्यानें दुसऱ्याची विद्या स्वीकारण्यांत कमीपणा मानला नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें.

१९५३ सालीं स्वित्झर्लंडांतच बिर्किग्ट निवर्तले. पुढें तेलाच्या दाबाचे व निर्वात-शक्तीचे ब्रेक आले आणि त्यांचें घर्षणयंत्र मागें पडलें. तरी पायाच्या हलक्या दाबास यंत्राच्या बळाची जोड देण्याचें तत्त्व टिकून राहिलें. शक्ति मिळविणाऱ्यानें ती आवरण्याची विद्याही त्याच निष्ठेनें शिकावी, हाच बोध ह्या चरित्रापासून आम्ही सर्वांनीं घ्यावा.